कक्षेतील यानाचे न काढलेले छायाचित्र : वास्तवदर्शी संगणकीय चित्रणाचा इतिहास आणि मुंबईतील संशोधन

प्रस्तावना :

१९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातील कापुस्तिन यार या तळावरून 'आर्यभट' हा पहिला भारतीय उपग्रह कक्षेत सोडण्यात आला. सव्वीस पृष्ठांच्या या बहुपृष्ठकाचे वजन सुमारे ३६० किलो होते. कक्षेत फिरत असताना त्याचे छायाचित्र कोणीही काढले नाही आणि काढणे शक्यही नव्हते, कारण तेथे त्याच्याजवळ दुसरा कॅमेरा नव्हता. तरीही कक्षेतील आर्यभट हे भारतीय जनतेने सर्वाधिक हाताळलेले वैज्ञानिक चित्र ठरले. दोन रुपयांच्या नोटेच्या मागील बाजूवर ते छापले गेले आणि पुढील सुमारे दोन दशके बाजारातून, एस. टी. च्या तिकिटाच्या सुट्या पैशांतून, लग्नाच्या आहेराच्या पाकिटातून घरोघर पोहोचले. ते चित्र कोरीव रेषांचे होते. उजेडाची बाजू विरळ रेषांनी आणि अंधाराची दाट रेषांनी दाखविण्याची ती जुनी कला होती.

अंतराळयानाच्या चित्रणाची मूळ अडचण या उदाहरणातून स्पष्ट होते. यान पृथ्वीची, चंद्राची, मंगळाची छायाचित्रे पाठविते. परंतु ते स्वतः मात्र बहुधा कोणत्याच छायाचित्रात नसते. लोकांना यान पाहावयाचे असते. त्यामुळे कोणीतरी ते काढून दाखवावे लागते. हे काम आरंभी चित्रकाराने, नंतर प्रतिकृती तयार करणाऱ्या कारागिराने आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून संगणकाने केले. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या टप्प्याचा, म्हणजे पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाचे छायाचित्रासारखे भासणारे संगणकीय चित्र कसे शक्य झाले याचा इतिहास मांडला असून, त्यात मुंबई येथे झालेल्या व महाराष्ट्रात फारशा परिचित नसलेल्या एका संशोधनाचे स्थान तपासले आहे.

ठिपक्यांचे चित्र :

संगणकाच्या पडद्यावरील चित्र हे चौकटींच्या जाळ्यात भरलेल्या ठिपक्यांचे असते. सोलापूरच्या वाचकाला ही कल्पना नवी वाटू नये. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीवरील मोर किंवा वेलबुट्टी प्रथम चौकटीच्या कागदावर उतरविली जाते, एकेक चौकट म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची एक गाठभेट असते आणि त्या नक्षीनुसार जेकार्डच्या पुठ्ठ्याला छिद्रे पाडली जातात. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जोसेफ मारी जॅकार्ड याने सिद्ध केलेली ही युक्ती छिद्रांकित पत्रांच्या रूपाने पुढे संगणकात आली. छिद्र आहे किंवा नाही, धागा वर किंवा खाली, यापलीकडे त्या यंत्राला काहीही कळत नाही आणि तरीही मोर उमटतो.

भारतात संगणकाने पडद्यावर आकृती काढण्याची सुरुवातही मुंबईतच झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला व १९६० मध्ये कार्यान्वित झालेला 'टिफ्रॅक' हा संगणक कॅथोड किरण नलिकेच्या पडद्यावर आलेख व अक्षरे दाखवू शकत असे. अर्थात, तेवढ्यावरून वास्तवदर्शी चित्राची कल्पना करणे फार दूरचे होते.

ते अंतर प्रामुख्याने अमेरिकेतील युटा विद्यापीठाने कापले. आंरी गूरो यांनी १९७१ मध्ये सपाट तुकड्यांनी बनलेल्या पृष्ठावर छटा सलग मिसळण्याची रीत दिली. बुई तुओंग फोंग यांनी चकाकीच्या ठिपक्याचे गणित मांडले. एडविन कॅटमुल यांनी १९७४ च्या प्रबंधात सपाट चित्र वक्र पृष्ठावर चढविण्याची पद्धत सांगितली. सपाट विणलेली चादर बाजेवरच्या गादीवर अंथरली की तिच्यावरचा मोर गादीच्या उंचसखलपणानुसार वळतो, तसेच हे 'पोत-आरोपण' होय. पृथ्वीचा सपाट नकाशा गोलावर चढवून पृथ्वी तयार करणे यामुळेच शक्य झाले. त्याच विद्यापीठातील जेम्स ब्लिन यांनी सुरकुत्यांचा आभास निर्माण करण्याची रीत १९७८ मध्ये मांडली. प्रत्यक्ष पृष्ठ सपाटच ठेवावयाचे, परंतु त्यावर प्रकाश पडताना पृष्ठाची दिशा ठिकठिकाणी किंचित बदलली आहे असे गणितात मानावयाचे, एवढाच तिचा गाभा आहे. ही युक्ती यानाच्या चित्रणात किती कामाची ठरली, हे पुढे येईलच.

ब्लिन नंतर नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत काम करू लागले. ५ मार्च १९७९ रोजी व्हॉयेजर-१ हे यान गुरूच्या सर्वांत जवळून गेले, तेव्हा दूरचित्रवाणीवर व्हॉयेजर आणि गुरू यांचे जे चलच्चित्र दाखविले गेले ते ब्लिन यांच्या गटाने संगणकावर तयार केलेले होते. यान कोठे असेल, कोणत्या बाजूस वळलेले असेल, सूर्य कोणत्या दिशेस असेल या गोष्टी त्यात मार्गक्रमणाच्या गणितातून आलेल्या होत्या. येथपर्यंत अंतराळाचे चित्र ही चित्रकाराची कल्पना होती. व्हॉयेजरच्या चलच्चित्रात ती प्रथमच मोजमापाला बांधली गेली, आणि या इतिहासातील खरे वळण हेच मानावे लागेल. चित्रातील चमक नंतर वाढत गेली. ही शिस्त मात्र तेथे सुरू झाली.

योगायोगाने हीच वर्षे भारतीय प्रक्षेपणाच्या दृष्टीनेही महत्त्वाची होती. ज्यांचे शालेय शिक्षण सोलापुरात झाले ते डॉ. वसंत गोवारीकर १९७९ पासून विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते आणि १८ जुलै १९८० रोजी एस. एल. व्ही.-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. तत्पूर्वी १९७५-७६ मध्ये नासाच्या ए. टी. एस.-६ या उपग्रहाद्वारे झालेल्या 'साइट' या शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोगात देशातील सुमारे २४०० खेडी होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण सोलापूरला लागून असलेले विजापूर व गुलबर्गा हे जिल्हे होते. या प्रयोगाचे कार्यक्रम-व्यवस्थापक एकनाथ चिटणीस हे मूळचे कोल्हापूरचे. म्हणजे उपग्रह या भागाच्या अगदी वेशीपर्यंत आला होता. तो दिसतो कसा, हे मात्र रेखाचित्रावरूनच समजून घ्यावे लागत होते.

कक्षेतील उजेड :

पृथ्वीवरील दृश्य आणि कक्षेतील दृश्य यांत मुख्य फरक उजेडाचा आहे आणि चित्रे फसतात तीही येथेच. जमिनीवर आकाश हाच एक मोठा दिवा असतो. हवेने विखुरलेला प्रकाश सावलीतही पोहोचतो. कक्षेत यानाभोवती हवा नाही, म्हणून सूर्याची बाजू प्रखर आणि विरुद्ध बाजू काळीकुट्ट असावी असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. सूर्यबिंब सुमारे अर्ध्या अंशाचे असल्यामुळे सावलीची कड तेथेही पूर्णपणे धारदार नसते. सौरपंखाच्या कडेची सावली एक मीटर अंतरावर पडली, तर तिच्या कडेला सुमारे नऊ मिलिमीटरचा धूसर पट्टा असतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट पृथ्वीची. पृथ्वी आपल्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी सुमारे ३० टक्के प्रकाश परत फेकते. चारशे किलोमीटर उंचीवरील यानाच्या खालच्या अंगाला जणू एक विराट, निळसर-पांढरी, ढगांनी ठिपकेदार छत्री उजळून धरलेली असते. म्हणून यानाची अंधारी बाजू पृथ्वीकडे असेल तर ती काळी दिसत नाही. खालून ढग सरकले की तिची छटाही बदलते.

दुसरा दोष प्रमाणाचा. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६३७१ किलोमीटर आहे. चारशे किलोमीटर उंचीवरून क्षितिज फक्त २३०० किलोमीटर दूर असते आणि पृथ्वी सुमारे १४० अंशांचा कोन व्यापते. संपूर्ण गोल एका दृष्टिक्षेपात मावणे तेथे शक्यच नाही. तरीही कमी उंचीवरील उपग्रहामागे चेंडूएवढी अखंड पृथ्वी काढलेली चित्रे पाठ्यपुस्तकांत आणि भित्तिपत्रकांत सर्रास आढळतात. भूस्थिर कक्षेतून, म्हणजे सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून, पृथ्वी साधारण १७ अंशांची दिसते; तेथे ते चित्र चालेल. वातावरणाचेही असेच आहे. पृथ्वीचा गोल एक मीटर व्यासाचा केला, तर शंभर किलोमीटरचे वातावरण आठ मिलिमीटरांहूनही कमी भरेल आणि त्यातील डोळ्यांत भरणारा निळा थर दोन-तीन मिलिमीटरांचाच असेल. चित्रकार मात्र सफरचंदाभोवती सायीचा थर द्यावा तसा जाड निळा पट्टा देत आले आहेत. ताऱ्यांनी भरलेले आकाश ही तिसरी हौस होय. सूर्यप्रकाशातील यान नीट दिसेल एवढ्याच वेळेपुरता कॅमेरा उघडला, तर तारे उमटत नाहीत.

वातावरणाच्या या पातळ निळ्या कडेचे गणित जपानमधील तोमोयुकी निशिता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. हवेच्या रेणूंनी होणारे विकिरण, धूलिकणांनी होणारे विकिरण आणि उंचीबरोबर विरळ होत जाणारी हवा यांचा एकत्रित विचार करून अंतराळातून दिसणारी पृथ्वी त्यांनी रेखाटली. समुद्राच्या पाण्याचा रंगही त्यांनी स्वतंत्रपणे मोजला. समुद्र केवळ आकाशाच्या प्रतिबिंबामुळे निळा नसतो, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ च्या प्रवासानंतर दाखवून दिले होतेच. सात दशकांनी तोच विचार एका संगणकीय चित्राच्या कामी आला.

यानाच्या अंगाची अडचण निराळी आहे. उपग्रहांवर सोन्यासारखा चमकणारा जो कागद दिसतो ते सोने नसते. अंबरी रंगाच्या पॉलिइमाइड पापुद्र्याला मागून ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेले ते उष्णतारोधक आवरण असते आणि त्याचे अनेक थर एकावर एक गुंडाळलेले असतात. ते चुरगळलेले असल्याने प्रत्येक सुरकुती वेगळ्या दिशेचे प्रतिबिंब दाखविते : एकीत सूर्य, दुसरीत पृथ्वी, तिसरीत काळे आकाश. ब्लिन यांची सुरकुत्यांची युक्ती येथे उपयोगी पडते. परंतु सुरकुतीत काय प्रतिबिंबित व्हावे, हे ठरविण्यासाठी प्रकाश कोठून कोठे उसळत जातो याचा पूर्ण हिशोब लागतो.

जुहू येथील संशोधन :

हा हिशोब एका समीकरणात मांडण्याचे श्रेय जेम्स काजिया यांना जाते. १९८६ मध्ये त्यांनी मांडलेल्या समीकरणाचा आशय असा : एखाद्या बिंदूपासून निघणारा प्रकाश म्हणजे त्याचा स्वतःचा प्रकाश अधिक इतर सर्व बिंदूंकडून त्यावर येऊन परावर्तित झालेला प्रकाश. पण ते 'इतर सर्व बिंदू'ही याच नियमाने बांधलेले. त्यामुळे हिशोब संपत नाही. तो यदृच्छेने निवडलेल्या किरणांच्या नमुन्यावरून अंदाजानेच करावा लागतो.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छायेत वाढलेले आणि १९८५ मध्ये स्वायत्त झालेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र जुहू येथे होते. तेथील आलेखिकी विभागात सुधीर मुदूर आणि प्रमोद कोपरकर यांनी वक्र पृष्ठांवरील आकडेमोडीसाठी अंतराल-पद्धतीचा उपयोग १९८४ मध्येच प्रसिद्ध केला होता. वक्र पृष्ठ अमुक मर्यादेच्या बाहेर जाणारच नाही अशी हमी देणारी ती पद्धत होती. त्याच केंद्रात सुमंत पटनाईक हे मुदूर यांच्यासमवेत प्रकाशाच्या समीकरणावर काम करीत होते. ब्रिस्टल येथे १९९२ साली भरलेल्या युरोग्राफिक्स कार्यशाळेत त्यांनी प्रकाशाला कणांचा प्रवाह मानून यदृच्छ-नमुना पद्धतीने उजेडाचा हिशोब करण्याविषयीचा निबंध सादर केला आणि पुढील वर्षी काजियांच्या समीकरणाला जोड असणारे 'पोटेन्शियल समीकरण' विस्ताराने मांडले. या विषयाची त्यांची सविस्तर मांडणी जानेवारी १९९५ मध्ये अमेरिकेतील एसीएम या संस्थेच्या आलेखिकीविषयक नियतकालिकात आली.

या समीकरणाचा अर्थ सोलापूर जिल्ह्याच्या परिचयाच्या भाषेत सांगता येईल. उजनीच्या पाण्याचा हिशोब दोन टोकांनी करता येतो. टेलच्या शेतकऱ्याने विचारावे की माझ्या चारीत आलेले पाणी कोणकोणत्या वाटेने आले. किंवा धरणाच्या दारावर उभे राहून विचारावे की येथून, या दिशेने सोडलेल्या पाण्यापैकी किती हिस्सा, वाटेतील सारे फाटे ओलांडून, त्या चारीपर्यंत पोहोचेल. काजियांचे समीकरण पहिला प्रश्न विचारते. पटनाईक आणि मुदूर यांचे समीकरण दुसरा विचारते. प्रत्येक बिंदू आणि प्रत्येक दिशा यांना ते एक मोल देते : येथून निघालेला प्रकाश चित्रात शेवटी किती भर घालील. दोन्ही हिशोब बरोबर असतील, तर एकूण उत्तर एकच येते. प्रत्यक्ष आकडेमोडीत मात्र फरक मोठा आहे. सूर्यापासून आंधळेपणाने कण सोडत गेल्यास जवळजवळ सारे वाया जातात. कोणत्या कणाचे मोल अधिक आहे हे आधी उमगले, तर श्रम योग्य जागी खर्चता येतात.

येथे दोन गोष्टी नोंदविल्या पाहिजेत. पहिली, त्याच १९९२ साली अमेरिकेत ब्रायन स्मिट्स, जेम्स आर्व्हो आणि डेव्हिड सॅलेसिन यांनी 'महत्त्व' या नावाने याच जातीची कल्पना दुसऱ्या एका पद्धतीसाठी मांडली होती. तेव्हा प्रथम कोण या वादात पडण्यात अर्थ नाही. दोन ठिकाणी एकाच वेळी विचार पिकला होता. दुसरी, मुंबईच्या या संशोधकांचा विषय बंदिस्त व गुंतागुंतीच्या दृश्यांतील उजेड हा होता, अंतराळयान नव्हे. परंतु पृथ्वीवरून उसळलेला प्रकाश सोनेरी आवरणाच्या सुरकुतीत आणि तेथून सौरपंखाच्या पाठीवर कसा जातो, हा प्रश्न गणिताच्या दृष्टीने त्याहून निराळा नाही. प्रकाशाच्या दोन्ही टोकांकडून किरण शोधणाऱ्या पद्धती १९९३-९४ च्या सुमारास बेल्जियममध्ये लाफॉर्च्यून व विलेम्स यांनी आणि स्टॅनफर्ड येथे एरिक वीच व लिओनिदास गिबास यांनी सिद्ध केल्या. वीच यांच्या १९९७ च्या प्रबंधात या दुहेरी दृष्टीचे गणित सर्वांगाने आले आणि पुढे २०१४ मध्ये त्यांना त्याबद्दल अमेरिकन चित्रपट अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. त्या मालिकेत जुहूचे निबंध उद्धृत होतात. मराठीतील विज्ञानलेखनात मात्र पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राचा 'परम' महासंगणक जितका गाजला, त्याच्या शतांशानेही हे काम आलेले नाही. यंत्र दाखविता येते, समीकरण दाखविता येत नाही, हे त्याचे एक कारण असावे. जुहूचे केंद्र २००३ मध्ये त्याच प्रगत संगणन विकास केंद्रात विलीन झाले.

घरच्या संगणकावर पृथ्वी :

एकविसाव्या शतकाच्या आरंभी दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. नासाने टेरा उपग्रहाच्या निरीक्षणांतून जोडलेला पृथ्वीचा सलग नकाशा 'ब्ल्यू मार्बल' या नावाने २००२ मध्ये सर्वांना खुला केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रणाचे सॉफ्टवेअर लोकवर्गणीतून मुक्त झाले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही त्यानंतर पृथ्वी, ढग आणि उपग्रह एका साध्या संगणकावर रचता येऊ लागले. २०११ मध्ये ब्लेंडरमध्ये काजियांच्या समीकरणावर आधारलेली चित्रणपद्धती आल्यावर तर उजेडाचा हिशोबही यंत्राकडेच गेला.

चित्र आणि पुरावा :

या सोयीची किंमत पुराव्याच्या क्षेत्रात मोजावी लागली. दर दिवाळीस 'अंतराळातून दिसणारा भारत' म्हणून फिरणारे रंगीबेरंगी चित्र महाविद्यालयीन वर्गांतही पोहोचले आहे. प्रत्यक्षात ते २००३ पर्यंतच्या अनेक वर्षांच्या रात्रीच्या निरीक्षणांतून संगणकावर रचलेले आहे. त्यातील पांढरा रंग १९९२ पूर्वीचे दिवे दाखवितो आणि निळा, हिरवा व तांबडा हे रंग अनुक्रमे १९९२, १९९८ व २००३ मध्ये दिसू लागलेले दिवे दाखवितात. ते खोटे चित्र नव्हे. लोकसंख्यावाढीचा तो एक उत्तम नकाशा आहे. दिवाळीशी त्याचा संबंध नाही, एवढेच. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ उतरल्यानंतर चंद्राच्या मातीवर उमटलेल्या राजमुद्रेचे जे चित्र पसरले, ते मात्र एका डिजिटल कलाकाराने तयार केलेले होते. त्याच दिवसांत, ३० ऑगस्ट रोजी, प्रज्ञान बग्गीने विक्रम अवतरकाचे खरे छायाचित्र काढले. पण त्यात राजमुद्रा नव्हती, उजेड रोखठोक होता आणि चमक बेताची होती. अधिक 'वास्तव' दिसणारे चित्र अवास्तव होते, ही या घटनेतील इतिहासाच्या अध्यापकाने वर्गात सांगावी अशी गोष्ट.

छायाचित्राला साधन म्हणून वापरताना इतिहासकार ते कोणी, कोठून, कशासाठी काढले हे विचारतो. संगणकीय चित्रास आणखी तीन प्रश्न विचारावे लागतील : यानाची जागा मार्गाच्या गणितातून घेतली आहे की रचनेच्या सोयीने; पृथ्वीचा पृष्ठभाग कोणत्या वर्षाच्या निरीक्षणाचा आहे; आणि उजेडाचे स्रोत किती मानले आहेत. १९७९ च्या व्हॉयेजर-चित्रपटाला पहिल्या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर आहे. अनेक अलीकडील, दिसावयास कितीतरी सरस चित्रांना ते नाही. संस्था आपल्या चित्राखाली 'कल्पनाचित्र' असे लिहितात, परंतु पुनर्मुद्रणात प्रथम गळते ती हीच ओळ.

आर्यभटानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी भारतीय यानाचे कक्षेतील छायाचित्र भारतीय यानानेच काढण्याचा प्रसंग आला. ३० डिसेंबर २०२४ रोजी सोडलेल्या स्पेडेक्स मोहिमेतील प्रत्येकी सुमारे २२० किलो वजनाची दोन याने १६ जानेवारी २०२५ रोजी एकमेकांना जोडली गेली. जोडणीपूर्वी ती जवळ येत असताना एकावरील कॅमेऱ्याने दुसरे टिपले आणि ती दृश्ये प्रसिद्ध करण्यात आली. त्याच मोहिमेची संगणकीय चित्रेही उपलब्ध आहेत. सौरपंखावरील सावल्या, पृथ्वीकडील बाजूचा उजेड आणि आवरणाच्या सुरकुत्या या तीन बाबतींत दोहोंची शेजारी ठेवून तुलना करण्याचे काम पदव्युत्तर वर्गातील प्रकल्पालाही झेपण्यासारखे आहे.